आमच्या वाड्यांतील मुलांचे खेळ व त्यांचीं स्थित्यंतरें

स्मरणिकेच्या संपादक-मंडळानें धर्मग्रामाच्या इतिहासाचें एखादें प्रकरण लिहून द्यावें अशी मला विनंती केली, तेव्हां मंदिराची पायाभरणी, घंटेचें आगमन, शाळेची वाढ, पूर्वीच्या धर्मगुरूंची नामावळी इत्यादि सर्व विषय आमच्या ज्येष्ठ बंधुभगिनींनीं आधींच वांटून घेतले होते. कोणीं न घेतलेला एकच विषय शिल्लक होता व तो म्हणजे मुलांचे खेळ. हा विषय महोत्सवाच्या पुस्तिकेस शोभेल कीं नाहीं अशी शंका एका सद्गृहस्थांनीं बोलून दाखविली. तिचें उत्तर पुढील पानांत सांपडेल अशी आशा आहे.

वसईच्या भूमीस इतिहासाची वाण नाहीं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें हा मुलूख तहानें पोर्तुगीजांस दिला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं तो जिंकून घेतला. पुढें इंग्रजांचें राज्य आलें आणि १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी आली. हें सर्व आपण शाळेंत पाठ केलें आहे. परंतु किल्ल्यावर निशाण कोणाचेंही असो, सायंकाळीं उन्हें कललीं कीं येथील मुलें कांहींतरी खेळत असलींच पाहिजेत. त्या खेळांचें दप्तर कोणी ठेविलें नाहीं. आपल्या नोंदवहींत मुलाचें नांव बाप्तिस्म्याच्या दिवशीं एकदां येतें, नंतर तें विवाहाच्या दिवशीं पुन्हा भेटतें. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यानें किती भोंवरे फोडले व किती झाडांवरून उड्या मारल्या याविषयीं आमचीं दप्तरें मौन धरून बसलेलीं आहेत.

तरी पण साक्षीदार अगदींच नाहींत असें नाहीं. एकनाथांच्या भारुडांत हुतूतू व फुगडी आहेत. तुकोबांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हमामा या खेळांवर अभंग आहेत. म्हणजे हे खेळ चारशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत इतके घरोघरचे होते कीं परमार्थ समजावून देण्यास संतांना तेच सोपे वाटले. आपल्या शुभवर्तमानांतही बाजारांत बसून लग्नाचा व प्रेतयात्रेचा खेळ करणारीं, व सोबती साथ देत नाहींत म्हणून रुसणारीं मुलें आहेत. मुलें मोठ्यांच्या जगाची नक्कल करतात व खेळतांना भांडतात, या दोन्ही गोष्टी प्रभूच्या दृष्टीस पडल्या होत्या हें त्यावरून दिसतें. आणि आपल्या वसईवर पोर्तुगीजांचा अंमल असतांना, १५६० सालीं, तिकडे फ्लँडर्समध्यें पीटर ब्रूगल नांवाच्या चित्रकारानें एक चित्र काढलें. तें आज व्हिएन्ना येथील संग्रहालयांत आहे. त्यांत दोनशेंहून अधिक मुलें ऐंशीच्या आसपास खेळ खेळत आहेत. चित्राच्या डाव्या कोपऱ्यांत खालीं दोन मुली हाडकांचे तुकडे उडवून झेलीत बसल्या आहेत. त्यांच्या हातांत हाडकांच्या जागीं सागरगोटे द्या आणि त्यांना उचलून आपल्या एखाद्या ओटीवर बसवा; कोणास त्या परक्या वाटणार नाहींत.

खेळांत शब्दही किती जुने टिकून राहतात! विटीदांडूंत विटी किती लांब गेली तें दांडूनें मोजतांना महाराष्ट्रांतील मुलें एक, दोन, तीन असें न म्हणतां वकट, लेंड, मुंड, नाल असें म्हणत. पुढील शब्द गांवोगांवीं थोडेफार बदलतात, पण पहिले चार बहुतेक सर्वत्र तेच. हे तेलुगू भाषेंतील एक ते चार आहेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्या मुलास तेलुगू देश कोठें आहे हें ठाऊक नाहीं तो धुळींत वांकून शेंकडों वर्षें तेलुगूंत मोजीत आला. पंडितांच्या ग्रंथांतून जें निसटलें तें पोरांच्या तोंडीं राहिलें.

आतां माझ्या पिढीकडे वळतों. माझें बालपण १९७० नंतरच्या दशकांत, याच वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील एका वाडींत गेलें. त्या काळच्या खेळांविषयीं लिहितांना प्रथम जमिनीविषयींच लिहिलें पाहिजे, कारण आमचें प्रत्येक खेळणें त्या जमिनीनें दिलेलें होतें. विकतचें असें आमच्याकडे गोट्या, भोंवऱ्याची आर व पतंगाचा कागद एवढेंच. बाकी सर्व वाडींतून येई. केळीच्या पानाच्या जाड दांड्यावर कोयत्यानें तिरपे काप देऊन ते उभे केले व वरून हात फिरविला कीं फटफट असा बंदुकीसारखा आवाज निघे. नारळीच्या पात्याची भिरभिरी होई, पिपाणी होई, साप होई, मनगटावरचें घड्याळ होई. माडाची वाळलेली पोय पाटाच्या पाण्यांत सोडली कीं ती होडी. आणि पाट एका वाडींतून दुसऱ्या वाडींत जात असल्यामुळें तिच्यामागें धांवतां धांवतां आम्ही तीन शेजाऱ्यांच्या शिव्या एकाच फेरींत खात असूं. रुंद बुडख्याच्या झावळीवर लहान भावंडास बसवून ओढीत नेलें कीं ती गाडी, व त्याच झावळीचा बुडखा तासला कीं ती क्रिकेटची बॅट. करवंट्यांत मुलींचा स्वयंपाक शिजे. काडेपेटीच्या दोन टोपणांना दोरा बांधून टेलिफोन होई, आणि त्यावर बोलणारे दोघे इतक्या मोठ्यानें ओरडत कीं दोऱ्याची कांहींच गरज नसे.

लगोरीचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. हा खेळ दगडांच्या मुलखांत चपट्या दगडांनीं खेळतात. आमची भूमि रेताड. चपटा दगड शोधावयाचा तर कोठें? तेव्हां आम्ही लगोरी रचीत असूं ती कौलांच्या तुकड्यांची. मंगळूर येथें बासल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला व पुढें ही सपाट लाल कौलें सबंध पश्चिम किनाऱ्यावरील घरांवर चढलीं. प्रत्येक पावसाळ्यापूर्वीं घर शाकारतांना पांच-दहा कौलें फुटत व तीं मुलांच्या खजिन्यांत जमा होत. जेव्हां घरांवर स्लॅब पडूं लागली, तेव्हां कौलें फुटणें बंद झालें. लगोरी बंद होण्यास इतर कारणें आहेतच. परंतु हें एक आहे, आणि तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं म्हणून मुद्दाम नोंदवितों.

गोट्यांची कथा त्याहून लांबची आहे. पूर्वीं त्या मातीच्या व दगडाच्या असत. कांचेच्या रंगीत गोट्या जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या प्रमाणावर होऊं लागल्या, व विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत त्या यंत्रावर निघूं लागल्या. परंतु आम्हां मुलांत ज्या गोटीस राजाचा मान होता ती हिरवट, बिनरंगी, सोड्याच्या बाटलींतली. हायरम कॉड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८७२ सालीं त्या बाटलीचें पेटंट घेतलें. बाटलींतील वायूच्या दाबानेंच गोटी वर चढून तोंड बंद करी. आपली गोटी जगभरच्या पोरांच्या खिशांत जाईल असें त्या बिचाऱ्याच्या मनांतही नसेल. बाटली फुटल्यावांचून ती मिळत नसे, यांतच तिची किंमत होती. बाटल्या आपोआप किती फुटत व किती फोडल्या जात, या प्रश्नांत मी शिरत नाहीं.

खेळांना ऋतु असत, ही गोष्ट आजच्या मुलांस सांगितली तर खरी वाटत नाहीं. पहिल्या पावसानें माती ओली झाली कीं टोंकदार सळई फेंकून रोवीत रोवीत पुढें जाण्याचा खेळ. जिची सळई आडवी पडली तिच्या धन्यानें तेथून लंगडी घालीत परत यावें. पाऊस ओसरला कीं भोंवरे. भात कापून शेतें मोकळीं झालीं कीं विटीदांडू, हुतूतू व लगोरी, कारण डिसेंबरापासून मे अखेरपर्यंत सारीं भातशेतें आमचीं मैदानें होत. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नसे. नाताळच्या आधींचे पंधरा दिवस सर्व खेळ थांबून गोठा बांधण्याचें काम चाले. पेंढा आणणें, चिखलाचे मेंढपाळ करणें, आणि कोणाच्या गोठ्यांतील उंट उंटासारखा दिसतो यावरून वाद घालणें. संक्रांतीस पतंग. उपवासकाळांत आमच्या घरीं पैजेच्या गोट्या खेळण्यास बंदी असे, म्हणून त्या चाळीस दिवसांत आम्ही धावण्याच्या खेळांकडे वळत असूं. उन्हाळ्यांत वडावर सूरपारंब्या व बावखलांत पोहणें. एके दिवशीं सर्व गांवांतल्या गोट्या नाहींशा होत व सर्व हातांत भोंवरे दिसत. दवंडी कोणी पिटलेली नसे.

बावखल हा शब्द आजच्या कित्येक मुलांना अर्थासह सांगावा लागतो. वाडीला पाणी देण्यासाठीं पूर्वजांनीं खोदलेलें, पावसानें भरणारें व विहिरींना वर्षभर जिवंत ठेवणारें हें तळें. केळीचा खांब पोटाखालीं घेऊन आम्ही सारे त्यांतच पोहावयास शिकलों. रहाट माझ्या काळांत बहुतेक थांबलेले होते व त्यांच्या जागीं डीझेलचे पंप धडधडत होते. पण माझ्या वडिलांच्या पिढीच्या मुलांना बैलामागें रहाटाच्या आडव्या लाकडावर बसून गोल गोल फिरण्याचें काम असे, आणि तें काम कीं खेळ हें त्यांनाही सांगतां आलें नसतें.

येथें मला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आमच्या वयाचे लोक जुन्या खेळांविषयीं बोलूं लागले कीं सर्व कांहीं सोन्याचें होऊन जातें. तें तसें नव्हतें. बावखलांनीं व विहिरींनीं या पट्ट्यांत कांहीं घरांतले दिवे विझविले आहेत. विटीनें डोळा गेलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. शिवाय खेळण्यास वेळ मिळे तो कामांतून चोरलेला. फुलें खुडणें, विड्याचीं पानें लावणें, गवत आणणें हें झाल्यावर जो उजेड उरे तो आमचा. मुलींना तेवढाही मिळत नसे. त्यांचे खेळ पाहा : सागरगोटे, बिट्ट्या, ठिकरी, भातुकली. बहुतेक सर्व घराच्या हांकेच्या अंतरांत खेळतां येण्यासारखे, कडेवरचें भावंड एका बाजूस ठेवून खेळतां येण्यासारखे, आणि आईनें हांक मारतांच जेथल्या तेथें टाकून उठतां येण्यासारखे. हा योगायोग नव्हे. एका वृद्ध भगिनीला मीं एकदां विचारलें, “आजी, तुम्ही लहानपणीं काय खेळत होतां?” त्या म्हणाल्या, “फादर, सागरगोटे. पण पांचवा झेलायच्या आधीं बोलावणं यायचं.” आणि त्या हंसल्या.

आणखी एक गोष्ट. वाडींत कामास येणाऱ्या वारली कुटुंबांचीं मुलें आमच्या वयाचीं होतीं. बेचकीचा नेम, खेकडे धरणें, झाडावर चढणें यांत तीं आमचे गुरु शोभलीं असतीं. परंतु आमच्या हुतूतूच्या संघांत त्यांना घेतल्याचें मला आठवत नाहीं. कोणीं मनाई केली नव्हती. मनाई करण्याची गरजच पडली नाहीं, इतकी ती रेघ पक्की होती. जुन्या खेळांचे गोडवे गातांना ही रेघही चित्रांत काढलीच पाहिजे.

मात्र त्या खेळांत एक संस्था अशी होती कीं तिची उणीव मला आज सर्वांत अधिक भासते. ती म्हणजे लिंबूटिंबू. खेळण्याचा हट्ट धरणारें पण अजून खेळतां न येणारें लहान मूल संघांत घेतलें जाई. तें धांवे, ओरडे, बाद होई. परंतु त्याचें बाद होणें कोणी मोजीत नसे. त्याच्यावर राज्य येत नसे. वर्षा-दोन वर्षांत एके दिवशीं कोणीतरी म्हणे, “हा आतां लिंबूटिंबू नाहीं,” आणि तो दिवस त्या मुलास प्रथम कम्युनियनच्या दिवसाइतका मोठा वाटे. ही युक्ति मोठ्यांनीं शिकविलेली नव्हती. तसेंच राज्य कोणावर यावें हें सुटून ठरविणें, पडलेल्यास श्वास घेण्यापुरती सवलत देणें, विटी रेषेच्या आंत कीं बाहेर याचा निवाडा करणें, आणि निवाडा न पटल्यास डाव मोडून घरीं जाणें, हा सर्व कायदा मुलांचा मुलांनींच केलेला होता. पंच नव्हता. म्हणून भांडणें फार होत. पण दुसऱ्या दिवशीं खेळावयाचें असल्यानें तीं मिटवावींही लागत.

पंच आले ते निराळ्या मार्गानें. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला व त्यानें खोखोसारख्या देशी खेळांस लेखी नियम दिले. बडोद्यास १९२३ सालीं हुतूतूचे सामने भरले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं आपले देशी खेळ परदेशी लोकांस करून दाखविले. हुतूतूचें नांव कबड्डी झालें, १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत त्याचा समावेश झाला, २०१४ पासून त्याचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर दिसूं लागले. आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोची पहिली जागतिक स्पर्धा होऊन तींत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे, विशेषतः मुलींच्या बाबतींत; ज्यांना ओटीवरून उठूं दिलें जात नव्हतें त्यांच्या नाती मैदानांत उतरल्या. परंतु नियमांच्या पुस्तकांत लिंबूटिंबूला कलम नाहीं. जे खेळ स्पर्धेंत गेले ते वांचले आणि त्यांत थोडेजण खेळूं लागले व पुष्कळजण पाहूं लागले. आट्यापाट्या, सूरपारंब्या, सळई, भोंवरा हे आमच्या वाड्यांतून जवळजवळ गेलेच.

पाहण्याची संवय कशी लागली हें माझ्या डोळ्यांदेखत घडलें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आमच्या आळींत पहिला संच आला तेव्हां त्याच्यासमोर तीस-चाळीस माणसें बसत, व मुलें पुढें जमिनीवर. २५ जून १९८३ रोजीं कपिल देवच्या संघानें लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, आणि त्यानंतर झावळीची बॅट ज्याच्या हातीं नाहीं असा मुलगा दिसेनासा झाला. क्रिकेट आधींही होतेंच. परंतु त्या उन्हाळ्यानंतर खेळांचे ऋतु मोडले. बारा महिने एकच खेळ. १९८७-८८ सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ मालिका लागे, तेव्हां रस्ते ओस पडत. पवित्र मिस्सेनंतर मंदिराच्या आवारांत रेंगाळणारीं आमचीं मुलेंही त्या काळांत घरीं धांवत सुटत, ही गोष्ट त्या वेळच्या कोणत्याही धर्मगुरूनें आपणांस सांगितली असती.

तरीही संचानें मुलांचा दिवसांतला तासच नेला होता. जमीन राहिली होती. ती गेली १९९० नंतर. वसईच्या हरित पट्ट्यांत बांधकामें मोकळीं करण्याचे बेत झाले, सिडकोची नियोजनासाठीं नेमणूक झाली, आणि त्याविरुद्ध दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईचें आंदोलन उभें राहिलें. त्या मोर्चांत आपल्यापैकीं पुष्कळ जण चालले होते. पाणी, बागायत, शेती यांविषयीं त्या आंदोलनांत जें सांगितलें गेलें तें वेळोवेळीं लिहिलें गेलें आहे. मीं येथें एवढेंच जोडतों कीं बावखलाबरोबर पोहणें गेलें, भातशेताबरोबर विटीदांडू गेला व वडाबरोबर सूरपारंब्या गेल्या. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. इतक्या माणसांना घरें लागणारच, आणि त्यांनीं येऊं नये असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु ज्या शेतांत परवानगीवांचून खेळतां येत होतें तेथें कुंपणें आलीं, आणि इमारतींच्या आवारांत ‘येथें चेंडू खेळण्यास मनाई आहे’ असे फलक लागले. हे फलक लावणारे गृहस्थ बहुतेक माझ्याच वयाचे असतात.

नंतरची कथा सर्वांस ठाऊक आहे. मार्च २०२० मध्यें महामारीनें दारें बंद झालीं, शाळा मोबाइलवर आली, आणि ज्या वस्तूला हात लावूं नये म्हणून मुलास दटावलें जाई तीच वस्तु शिक्षकांच्या आज्ञेनें त्याच्या हातांत द्यावी लागली. ती परत घेणें पुष्कळ घरांना अजून साधलेलें नाहीं. पालक माझ्याकडे येऊन सांगतात, “फादर, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा.” मी सांगतों. परंतु मुलानें मला उलट विचारलें कीं फोन ठेवून मी कोठें जाऊं, तर त्यास दाखविण्याजोगी जागा गांवांत असली पाहिजे. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारांतील एकतिसावें कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतें व भारतानें तो करार १९९२ सालीं स्वीकारला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांतही शाळेस मैदान सांगितलें आहे. परंतु सुट्टींत व सायंकाळीं शाळेचें फाटक बंद असतें.

म्हणून मी आपल्या मंदिरापुढील मैदानाच्या प्रश्नाकडे येतों. महोत्सवाच्या निमित्तानें या मैदानावर फरशा बसवून वाहनें लावण्याची सोय करावी, अशी सूचना सल्लागार मंडळापुढें आहे. रविवारीं गाड्यांची गर्दी होते, लग्नाच्या दिवशीं रस्ता अडतो, वृद्धांस दूर उतरून चालावें लागतें. ही अडचण खरी आहे व मी ती हलकी लेखीत नाहीं. दुसरी सूचना फाटकास सायंकाळीं कुलूप घालावें अशी आहे, कारण हल्लीं तेथें ‘बाहेरचीं’ मुलें फार येतात. बाहेरचीं म्हणजे मागच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचीं, व नव्या चाळींतलीं. मीं दोन महिने सायंकाळीं ओसरींत बसून तीं काय खेळतात हें पाहिलें. तीं गोट्या खेळतात. त्यांत तीन-चार भाषा ऐकूं येतात. गलीचा खड्डा तीं टांचेनें गरगर फिरून पाडतात, अगदीं आम्ही पाडीत असूं तसाच. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतलीं मुलें आधीं कठड्यावर बसून पाहत असत; आतां त्यांतलीं पुष्कळशीं खालीं उतरलीं आहेत. फरशींत गलीचा खड्डा पडत नाहीं.

कांहीं बंधूंचें म्हणणें असें कीं मंदिराचें आवार प्रार्थनेसाठीं आहे. त्यांनीं संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धांतील १६८ वा प्रश्न कोणाकडून तरी समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे. सेमिनरींत तो शिकतांना आम्हांलाही नवल वाटलें होतें. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसा खेळाचा सर्वथा अभाव हाही दोष, असें तो महापंडित मानतो; आणि शिष्यांसह खेळतांना दिसल्यामुळें ज्याच्याविषयीं लोक कुरकुरले त्या संत योहानाची, व सतत ताणलेलें धनुष्य मोडतें ही त्यानें दिलेल्या उत्तराची, गोष्टही तेथें सांगतो. डॉन बॉस्को तर मुलपणींच दोरीवर चालून व कसरती करून गांवकऱ्यांस जमवीत असत व त्यांच्याकडून जपमाळही म्हणवून घेत. जखऱ्या संदेष्ट्यानें पुनः वसलेल्या यरुशलेमचें चित्र काढतांना काठी टेकणारे म्हातारे व रस्त्यांत खेळणारीं मुलेंमुली अशीं दोनच माणसांचीं चित्रें निवडलीं. वाहनतळाचा उल्लेख तेथें मला आढळला नाहीं.

मंडळाची सभा महोत्सवानंतरच्या पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या वरच्या वर्गांत भरेल. वाहनांसाठीं मंदिरामागील जुन्या गोदामाची जागा मोकळी करतां येईल असा माझा पर्यायी प्रस्ताव आहे व त्याचा नकाशा कार्यालयांत पाहण्यास ठेविला आहे. कुलुपाविषयीं मीं अजून किल्ली कोणाच्या स्वाधीन केलेली नाहीं. तोंपर्यंत फाटक सायंकाळच्या घंटेनंतर अर्धा तास उघडें राहील. ज्यांच्या घरीं माळ्यावर जुन्या गोट्या, भोंवरे, दांडू पडलेले असतील त्यांनीं ते आणून द्यावेत. आतांपर्यंत एक भोंवरा व सोड्याच्या बाटलींतील दोन गोट्या आल्या आहेत, त्यांपैकीं एक गोटी दुसऱ्याच दिवशीं मैदानांत दिसली.